वाचकांचे प्रश्न: बाळाच्या शीतलं रक्त आणि दुधाची ॲलर्जी

तान्ह्या बाळांच्या आतड्याला अन्नामुळे येणाऱ्या सुजेबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरं बालरोग आणि बालकांचे पोटविकार या विषयांतल्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. गेले चार दिवस तिच्या शीत चिकट आव पडतेय आणि त्यात रक्ताच्या बारीक रेघा दिसतात. पिते छान, झोपते, आता हसायलाही लागली आहे. जन्माच्या वेळी ३ किलो होती, आता ४.२ किलो आहे. घरातले सगळे म्हणतात, तुझंच दूध तिला बाधतंय, बंद कर आणि डब्याचं सुरू कर. काय करू?

उत्तर: पाजणं बंद करू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण आजची पाळी चुकवू नका. एकदा आटलेलं दूध परत आणणं फार कष्टाचं असतं. शिवाय डब्याचं साधं दूध गाईच्या दुधापासूनच बनतं. म्हणजे ज्या प्रथिनाचा संशय आहे, ते आत्ता तिच्या पोटात अगदी सूक्ष्म प्रमाणात जातंय, ते उद्यापासून बाटलीभर जायला लागेल.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून सगळ्यात जास्त शक्यता वाटते ती ॲलर्जिक प्रॉक्टोकोलायटिसची. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदाशय यांच्या आतल्या अस्तराला अन्नातल्या प्रथिनामुळे सूज येते. हे बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं आणि सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू होणं विरळच. याची खूण अशी की शी बघून आईबापांच्या पोटात गोळा येतो आणि बाळ मात्र मजेत हातपाय झाडत असतं. सहा आठवड्यांत १.२ किलो वजन वाढलंय, म्हणजे दिवसाला साधारण २८ ग्रॅम. ही वाढ अगदी चांगली आहे.

तरी रक्त येण्याची दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात आणि त्यातलं अर्धं काम घरीच होतं. पुढच्या वेळी डायपर उघडाल तेव्हा खिडकीपाशी, उजेडात बघा. ॲलर्जीच्या सुजेत शी पिवळी किंवा हिरवट असते. तिच्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी, ओढली की तार येणारी आव असते आणि लाल धागे किंवा टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके त्या आवेतच गुंतलेले असतात. शी घट्ट असेल, रक्त तिच्या वरून एकाच बाजूला लागलेलं असेल किंवा पुसताना कापडाला लागत असेल, तर गुदद्वाराला चीर पडलेली असू शकते. घड्या हलकेच बाजूला करून पाहिलं तर ती दिसतेही. तुमच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या असतील तर बाळाने तुमचंच रक्त गिळलेलं असू शकतं. अशा वेळी शी सहसा गडद होते, कधी दुधाच्या उलटीतही रक्त दिसतं. ते रक्त आईचं की बाळाचं हे ओळखण्याची एक सोपी चाचणी प्रयोगशाळेत होते. बाळाला सेफडिनिर हे अँटिबायोटिक आणि लोहाचे थेंब एकाच वेळी चालू असतील तर शी विटकरी लाल होते आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नसतो. म्हणून डायपरचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना तो दाखवा. 'थोडं रक्त' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता ज्यांत वाट पाहायची नाही ती लक्षणं. हिरवी उलटी. फुगून टणक झालेलं पोट. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. पिणं सोडून मलूल पडणं. रक्ताच्या गुठळ्या, किंवा पहिले काही दिवस उलटून गेल्यावरही डांबरासारखी काळी शी. पाय पोटाशी घेऊन कळवळून रडणं, मग काही मिनिटं निपचित, मग पुन्हा तेच: यात आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं आणि लाल जेलीसारखी शी हे त्याचं उशिरा दिसणारं लक्षण आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा जन्मानंतर व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन राहून गेलं असेल, तर थोडंसं रक्तही गंभीर धरायचं. यांतलं काहीही असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

तुमच्या मुलीत यातलं काही नाही. दोन-तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडून वजन, पोट आणि गुदद्वार तपासून घ्या. सगळं ठीक असेल आणि रेघा तुरळक असतील, तर काहीही न बदलता एक-दोन आठवडे पाहणं हाही रीतसर उपचार आहे. रक्त दिसलं म्हणजे ॲलर्जीच, असं नसतं. फिनलंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीतून रक्त जाणाऱ्या ४० बाळांना काटेकोर तपासलं, तेव्हा गाईच्या दुधाची ॲलर्जी त्यांच्यातल्या फक्त १८ टक्के बाळांत सिद्ध झाली. बाकीच्यांचं रक्त बहुतेक आपलं आपण थांबलं.

रक्त येतच राहिलं किंवा वाढलं, तर पुढची पायरी म्हणजे तुम्ही स्वतः दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करणं. कारण दुधाचंच असेल तर दिसणारं रक्त बऱ्याचदा तीन-चार दिवसांत कमी होतं. आव मागे रेंगाळते, तिला दोन आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात. आणि रक्त थांबल्यावर तुम्ही दूध पुन्हा घेऊन बघायचं. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. खाली जागोजागी तिचा उल्लेख येईल, कारण निदान तिथेच पक्कं होतं.

प्रश्न: आमच्या बाळाची रक्ताची ॲलर्जी तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर दुधाचीच ॲलर्जी म्हणतात. आणि मी दिवसाला जेमतेम एक कप दूध पिते. ते माझ्या अंगावरच्या दुधात जाऊन इतका त्रास कसा देईल?

उत्तर: गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं आणि उरलेली व्हे प्रथिनं. व्हेमधलं एक प्रथिन आहे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. माणसाच्या दुधात ते तयारच होत नाही. आईच्या दुधात ते सापडलं तर आईच्या खाण्यातूनच आलेलं असतं, आणि ते सापडतं. तुम्ही खाल्लेलं बहुतेक प्रथिन पचून त्याचे तुकडे होतात, पण थोडे रेणू अखंड किंवा अर्धवट तुटलेले राहतात, रक्तात येतात आणि तिथून दुधात उतरतात. प्रमाण असतं एका मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पोषणाच्या हिशेबात हे शून्यच, पण रोगप्रतिकारक पेशींना एवढी ओळख पुरते.

आतड्याच्या अस्तरात आतल्या पोकळीला लागून पेशींचा एकच थर असतो. तान्ह्या बाळात त्यावरचं संरक्षण अजून कच्चं असतं आणि खालच्या प्रतिकारक पेशी 'हे अन्न आहे, याच्याशी भांडायचं नाही' हे शिकत असतात. बहुतेक बाळं ते सहज शिकतात. काहींत मात्र टी-पेशी त्या प्रथिनाला परकं ठरवतात, रासायनिक संदेश सोडतात आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गोळा होतात. त्यांच्या पोटातल्या कणांमध्ये जी द्रव्यं असतात ती मुळात परजीवींशी लढण्यासाठीची. इथे त्यांचा मारा अस्तरावरच होतो. अस्तर नाजूक आणि लाल होतं, लसीका पेशींच्या बारीक गाठी वर येतात, ग्रंथी जास्त आव सोडतात आणि शी पुढे सरकताना घासून थोडं रक्त येतं. म्हणून रक्त आवेत मिसळलेलं दिसतं.

या सगळ्या साखळीत आयजीई ही प्रतिपिंडं कुठेच नाहीत. रक्ताची आणि त्वचेवर टोचून करायची ॲलर्जी तपासणी नेमकी तीच मोजते. अंगावर लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं या ॲलर्जी त्या तपासणीत सापडतात, ही नाही. तुमचा निगेटिव्ह अहवाल खरा आहे, पण त्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली इओसिनोफिलची गर्दी दिसते, पण वाढ चांगली असलेल्या बाळाला त्यासाठी दुर्बिणीपर्यंत नेण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. अंगावरच पिणाऱ्या बाळांतही अशी सूज येते, हे १९८२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चमत्कारिक नाही.

यात तुमचं दूध 'खराब' नाही. कृपया हा शब्द घरात कुणालाही वापरू देऊ नका.

प्रश्न: दहा दिवस झाले, मी दूध, दही, चीज सगळं सोडलं. रक्त कमी झालं पण गेलं नाही. मग कुणी सांगितलं म्हणून अंडी, गहू, सोया, सुकामेवा, मासे हेही बंद केलं. माझं वजन ४ किलोने उतरलं, चक्कर येते. अजून काय सोडू?

उत्तर: आता काहीही सोडू नका. गहू, सुकामेवा आणि मासे आजच परत सुरू करा. अंडी आणि सोया यांचं पुढे सांगतो.

दहा दिवसांत रक्त कमी झालंय, म्हणजे वाट बरोबर असण्याची शक्यता आहे. अस्तर भरून यायला वेळ लागतो. त्याआधी यादी लांबवली की कुठल्या पदार्थाने काय झालं हे कधीच कळत नाही.

आधी दूध खरोखर पूर्ण सुटलंय का ते तपासा. नेहमीची चूक इथेच होते. ग्लास दिसतो म्हणून तो बंद होतो, पण बिस्किटं, पाव, चॉकलेट, तयार सूप, आइस्क्रीम, प्रोटीन पावडर यांत दूध लपलेलं असतं. पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन', 'केसिनेट', 'लॅक्टाल्ब्युमिन' यांपैकी काही लिहिलं असेल तर त्यात दूध आहे. लोणी आणि तूप यांत प्रथिन थोडं उरतं, तरी या दोन-चार आठवड्यांपुरतं तेही बाजूला ठेवा. काही प्रोबायोटिक पावडरी दुधाच्या माध्यमावर बनवतात, तेव्हा बाळासाठी आणलेल्या थेंबांची आणि पुड्यांची पाकिटंही वाचा. 'लॅक्टोजमुक्त' दूध चालत नाही, त्यात प्रथिन तेवढंच असतं.

लपलेलं दूध सापडलं तर ते बंद केल्याच्या दिवसापासून नव्याने दोन आठवडे मोजा. सापडलं नाही आणि पूर्ण चार आठवड्यांनंतरही दिसण्याइतकं रक्त येत असेल, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचा एक पदार्थ. दुधानंतर सोया आणि अंडं यांचा नंबर सगळ्यात जास्त वेळा लागतो. एका वेळी एकच, दोन आठवडे, फरक नसेल तर तो परत सुरू. तुम्ही अंडी आणि सोया आधीच सोडली आहेत, म्हणून आता अंडी सुरू करा आणि चार-पाच दिवस शी पाहा, मग सोया. फरक पडला नाही तर हे दोन्ही पदार्थ निर्दोष ठरले.

एक वही ठेवा. तारीख, रक्त दिसलेल्या शींची संख्या, अंदाजे प्रमाण (रेघ, ठिपका, चमचाभर), बाळाचं वजन आणि तुमच्या खाण्यातला बदल, एवढंच लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण तिसऱ्या आठवड्यात निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा आठवणीपेक्षा ही वहीच कामाला येते.

आणि तुमची तब्येत. दूध बंद असेपर्यंत स्तनदा आईला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० युनिट व्हिटॅमिन 'डी' मिळायला हवं. गोळीच्या पाकिटावर मूळ कॅल्शियम किती ते बघा: १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ते ५०० मिलिग्रॅमच असतं. अशा दोन गोळ्या दोन वेगळ्या जेवणांबरोबर घ्या. एकदम घेतल्या तर शोषण कमी होतं आणि लोहाच्या गोळीबरोबर घेतल्या तर लोहाचं शोषण अडतं. चक्कर येते तर तुमचं हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. ४ किलो उतरलेली, उपाशी, घाबरलेली आई हे उपचाराचं यश नव्हे. आहारतज्ज्ञ मिळत असतील तर आठवडाभरातच भेटा.

बाळाला रोज ४०० युनिट व्हिटॅमिन 'डी' द्याच. रक्त बरेच आठवडे येत राहिलं तर त्याचंही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासतात. रोजचं थोडं थोडं रक्त शीत नगण्य दिसतं, पण तान्ह्या बाळाचा लोहाचा साठा छोटा असतो.

रक्त थांबलं की एक महिन्याच्या आत, बाळ सर्दी-जुलाबाशिवाय बरं असताना, तुम्ही नेहमीइतकं दूध आठवडाभर घेऊन बघा. या प्रकारच्या सौम्य सुजेत हे घरी करता येतं. डॉक्टरांना मात्र आधी सांगा. रक्त परत आलं तर निदान पक्कं झालं आणि पुढचे काही महिने दूध टाळण्याला अर्थ आला. साधारण तीन दिवसांत, कधी आठवड्यानेही, रेघा दिसतात. रक्त आलंच नाही तर ॲलर्जी नव्हती, किंवा असलीच तर गेली, आणि तुम्ही मोकळ्या झालात. हे न करता वर्षभर दूध टाळणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणी विनाकारण टाळत असतात.

प्रश्न: आमचं बाळ सुरुवातीपासून डब्याच्या दुधावर आहे. चौथ्या महिन्यात रक्त सुरू झालं. दुकानात लॅक्टोजमुक्त, सोयाचं, शेळीचं, 'एचए' लिहिलेलं, असे सगळे प्रकार आहेत. कुठलं घ्यायचं?

उत्तर: या चारपैकी एकही नाही.

लॅक्टोज ही साखर आहे आणि ॲलर्जी प्रथिनाची असते. लॅक्टोज काढल्याने प्रथिन तिथेच राहतं. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही तसाच त्रास होतो. 'एचए' दुधात प्रथिनं अर्धवटच तोडलेली असतात, तुकडे अजून मोठे असतात. ते उपचारासाठी नाही. सोयाचं दूध सहा महिन्यांच्या आत पहिली निवड म्हणून देत नाहीत, कारण अशा आतड्याच्या ॲलर्जीत काही बाळांना सोयाही चालत नाही.

हवं असतं ते एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड दूध. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारक पेशी ते सहसा ओळखत नाहीत. दहांतल्या नऊ बाळांना ते पुरतं. उरलेल्यांसाठी अमिनो ॲसिडचं दूध असतं, त्यात प्रथिनाची साखळीच नसते. वाढ खुंटलेली किंवा फार आजारी बाळं सोडली तर थेट त्याच्यावर उडी मारू नये. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

ही दुधं चवीला कडवट आणि वासाला उग्र असतात. चार महिन्यांच्या आसपासचं बाळ तोंड फिरवतं आणि पालकांना वाटतं हेही बाधलं. बाळ पोटभर पीत असेल तर पहिले तीन-चार दिवस जुन्या दुधात थोडं थोडं मिसळून सवय लावता येते, फक्त दोन आठवड्यांची मोजणी पूर्ण बदल झालेल्या दिवसापासून करायची. शी हिरवट, पातळसर होणं या दुधांत नेहमीचं आहे. पाणी आणि पावडरचं प्रमाण डब्यावर असेल तेच. पातळ केलं तर वजन अडतं, दाट केलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. बदामाचं किंवा तांदळाचं साधं पेय हे तान्ह्या बाळाचं दूध नव्हे, त्यावर बाळं कुपोषित होतात.

दोन ते चार आठवड्यांनी परत देऊन बघण्याची रीत इथे जास्त मोजूनमापून असते. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातल्या पहिल्या बाटलीत ३० मिली जुनं दूध, बाकी नवं. दुसऱ्या दिवशी ६० मिली, असं रोज ३० मिलीने वाढवत सातव्या दिवशी २१० मिली. रक्त दिसलं की थांबायचं. पूर्वी दूध दिल्यावर लगेच गांधी, सूज किंवा जोराच्या उलट्या झाल्या असतील तर हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही.

प्रश्न: आमचा मुलगा साडेसहा महिन्यांचा आहे. ओट्सची पेज दुसऱ्यांदा दिली, दोन-अडीच तासांनी आठ-दहा उलट्या झाल्या, पांढराफटक पडला, हाक मारली तरी डोळे उघडेना. रात्री पातळ शी झाली. पोटाचा संसर्ग म्हणून सलाईन लावलं, सकाळी ठणठणीत. पुन्हा ओट्स द्यावेत का?

उत्तर: नाही. आणि हे उत्तर बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

वरच्या चारही पत्रांतल्या आजारापेक्षा हा वेगळा आणि धोक्याचा प्रकार असू शकतो. त्याला एफपाइज म्हणतात. कारण त्याच जातीचं, म्हणजे अन्नातलं प्रथिन आणि आयजीईविना होणारी प्रतिक्रिया, पण इथे आतड्याचा मोठा भाग एकदम भडकतो, अस्तरातून पाणी आत झिरपतं आणि शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. काहींचा रक्तदाब उतरतो. घड्याळ हीच याची ओळख: पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांत लागोपाठ उलट्या, पांढुरकेपणा, मलूलपणा, मग पाच ते दहा तासांनी जुलाब. अंगावर गांधी नाहीत, दम नाही, बहुधा तापही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, म्हणून संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं जातं. संसर्गाच्या उलट्या-जुलाब काही तासांत असे नाहीसे होत नाहीत.

पहिल्यांदा ओट्स दिले तेव्हा काही झालं नाही याने फसू नका. पहिल्या एक-दोन वेळा निभावून पुढच्या वेळी प्रतिक्रिया येणं यात नेहमीचं आहे. गाईचं दूध, सोया, तांदूळ, ओट्स, अंडं, मासे हे यातले वारंवार सापडणारे पदार्थ. ज्याला 'हलकं' म्हणून सगळ्यात आधी देतात ते धान्यही यात येतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

ओट्स पूर्ण बंद ठेवा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. ओट्स असलेल्या बाळांपैकी काहींना तांदूळही चालत नाही, तेव्हा तांदूळ आधी दिलेला नसेल तर तो कसा सुरू करायचा हे त्यांनाच विचारा. बाकीचे पदार्थ मात्र अडवून धरू नका. ते एकेक करून द्या. पहिल्या दिवशी पाव चमचा, सकाळच्या वेळी, म्हणजे पुढचे चार तास बाळ जागं आणि नजरेसमोर असेल.

चुकून ओट्स पोटात गेले तर एक-दोन उलट्या आणि बाळ सावध असेल तेव्हा घोट घोट दूध किंवा ओआरएस देत लक्ष ठेवा. तीनपेक्षा जास्त उलट्या, पांढरेपणा किंवा ग्लानी आली की लगेच रुग्णालय. तिथे नसेतून सलाईन, किलोमागे २० मिली, हा मुख्य उपचार. सहा महिन्यांवरच्या बाळाला ओंडॅनसेट्रॉन देतात, ते बऱ्याचदा उलट्या थांबवतं. लगेच उठणाऱ्या तीव्र ॲलर्जीत देतात त्या ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनाने या उलट्या थांबत नाहीत. म्हणून एका कागदावर डॉक्टरांकडून आजाराचं नाव, पदार्थाचं नाव आणि हे उपचार लिहून घ्या, त्याची प्रत बाळाच्या पिशवीत ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर तो कागद फार कामाला येतो.

पुन्हा देऊन बघण्याचं वर जे सांगितलं ते इथे लागू नाही. एफपाइजमध्ये ती परीक्षा साधारण वर्ष-दीड वर्षाने, रुग्णालयातच, सलाईनची सोय हाताशी ठेवून करतात.

प्रश्न: मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यात दुधामुळे रक्त येत होतं, परत घेतल्यावर पुन्हा आलं होतं. आता कधी आणि कसं सुरू करायचं?

उत्तर: आताच. निदान होऊन सहा महिने झाले की किंवा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान प्रयत्न करायचा असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक बाळांना दूध चालू लागतं.

तुम्ही पाजत असाल तर आधी तुमच्या जेवणात दूध आणा आणि आठवडाभर पाहा. मग तिला पायरीपायरीने. दूध घालून नीट भाजलेलं बिस्किट, आधी चौथा हिस्सा, मग अर्धं, मग अख्खं. पुढे केक किंवा पॅनकेक, मग चीज, मग दही आणि शेवटी दूध. पिठात मिसळून जास्त तापवलेलं प्रथिन प्रतिक्रिया कमी देतं, म्हणून हा क्रम. प्रत्येक पायरीवर तीन दिवस ते आठवडा. रक्त आलं तर एक पायरी मागे, तिथेच थांबून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. एखादी पातळ शी, थोडं अंगावर लाल दिसणं यामुळे लगेच मागे जाऊ नका, दात आणि सर्दी याच वयात येतात.

एक वर्षापर्यंत गाईचं दूध मुख्य पेय म्हणून बाटलीभर द्यायचं नाही. हे ॲलर्जी नसलेल्या बाळांनाही लागू आहे. त्यात लोह फार कमी असतं. पदार्थात मात्र चालतं.

दुधाची ॲलर्जी होती म्हणून अंडं, शेंगदाणा, गहू, मासे उशिरा देण्याचं कारण नाही. उशीर केल्याने उलट लगेच उठणाऱ्या ॲलर्जींचा धोका वाढू शकतो. शेंगदाणा अख्खा नाही, कूट किंवा पातळ लोण्याच्या रूपात, घशात अडकू नये म्हणून.

प्रश्न: बाळाला काही त्रास नाही, पण पॅकेजमध्ये केलेल्या शीच्या तपासणीत सुप्त रक्त पॉझिटिव्ह आणि कॅलप्रोटेक्टिन खूप जास्त आलं. उपचार सुरू करायचे का?

उत्तर: नाही. सुप्त रक्ताची चाचणी निरोगी तान्ह्या बाळांतही बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते आणि कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं शीतलं प्रथिन, पहिल्या वर्षात मुळातच जास्त असतं, मोठ्यांची मर्यादा त्यांना लावता येत नाही. डोळ्यांना रक्त दिसत नसेल आणि वजन वाढत असेल तर अहवाल बाजूला ठेवा.

उलट, रक्त फारसं नाही पण आठवडेच्या आठवडे पातळ शी, पोट फुगलेलं, वजन जागच्या जागी, पायांवर सूज असं असेल, तर सूज लहान आतड्यात असू शकते. तिथे पोषणच शोषलं जात नाही. तसंच सगळं नीट बंद करूनही रक्त वाढत जातंय, गुदद्वाराजवळ गळू होतात, वारंवार मोठे संसर्ग होतात, तर ॲलर्जीच्या नावाखाली दुसरा आजार राहून गेलेला असू शकतो. या दोन्हींत पोटविकाराच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये, आणि इथे दुर्बिणीची गरज खरोखर पडू शकते.

प्रश्न: पहिल्या मुलाला हा त्रास होता. आता पुन्हा दिवस गेले आहेत. गरोदरपणातच दूध बंद करू का?

उत्तर: नको. गरोदरपणात दूध टाळल्याने बाळाची ॲलर्जी टळते असं दिसलेलं नाही, तुमचं कॅल्शियम आणि प्रथिन मात्र कमी होतं. पाजायला लागल्यावरही आधीपासून काही सोडू नका. रक्त दिसलं तर काय करायचं हे आता तुम्हाला माहीत आहे, आणि या वेळी वही पहिल्या दिवसापासून तयार असेल.